अळवावरचं पाणी ॲल्युमिनियमवर: थेंब गोल होतो, पण घरंगळत का नाही?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळ शिरोलीत तुमचं मशीन शॉप आहे. एलएम६ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूच्या कास्टिंगची पंपाची कव्हरं मशिनिंग करून तुम्ही पाठवता आणि पावसाळ्यात ग्राहकाकडे पोचेपर्यंत त्यांवर पांढरे डाग पडतात. एक व्हिडिओ बघून तुम्ही काही तुकडे कास्टिक सोड्यात एच केले, म्हणजे रसायनानं पृष्ठभाग खाऊन खडबडीत केला, आणि नंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या स्टिअरिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवले. पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल बसला. पण तुकडा उभा केला, अगदी उलटा धरला, तरी थेंब जागचा हलेना. आणि पंधरा दिवसांत थेंब गोल बसायचाही बंद झाला. आता तुम्ही विचारताय की १५० अंशांचा कोन (थेंबाची कड धातूला टेकते तिथे पाण्याच्या आतून मोजलेला) मिळवायला स्टिअरिक ॲसिडचं प्रमाण किती वाढवू.

प्रमाण वाढवून हे सुटणार नाही, उलट बिघडेल. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. थेंब चिकटून का बसतो, हा एक. कव्हरांवरचे पांढरे डाग कसे थांबवायचे, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. उद्यमनगरात बावीस वर्षं धातूंच्या पृष्ठभागांवर रासायनिक प्रक्रिया करतोय, त्या अनुभवावरून आधी थेंबाचं सांगतो.

न टिकणाऱ्या गोष्टीला आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो. या म्हणीमागचं निरीक्षण पक्कं आहे, अळूच्या पानावर थेंबाला पाय रोवायला जागाच मिळत नाही. आता गुलाबाची पाकळी घ्या. तिच्यावरही थेंब गोल दिसतो, पण पाकळी उलटी केली तरी तो लोंबकळत राहतो. बाजूने फोटो काढून कोन मोजला तर दोन्हीकडे तो १५०च्या आसपास भरू शकतो. तुम्हाला अळू हवा होता, हातात गुलाब आला. म्हणून नुसत्या कोनाच्या मागे लागू नका. थेंब किती तिरक्या उतारावर सुटतो ते बघा. दहा अंशांच्या आत सुटला तर पृष्ठभाग खरोखर पाणी झटकतो असं म्हणता येतं.

हा फरक कुठून येतो ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सपाट, चकचकीत धातूवर कुठलंही रसायन लावलं तरी कोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. टेफ्लॉनसुद्धा ११०च्या घरातच राहतं. स्टिअरिक ॲसिडचा नीट बसलेला थर १०० ते १०५ अंश देतो. त्यापुढचे अंश मिळतात ते पृष्ठभागाच्या खडबडीतपणातून. खडबडीतपणा दोन तऱ्हांनी काम करतो. एकीत पाणी प्रत्येक खळग्यात उतरतं आणि धातूला जास्त क्षेत्रावर चिकटतं. त्याचं गणित वेन्झेलनं १९३६ साली मांडलं. दुसरीत खळग्यांत हवा अडकून राहते आणि थेंब फक्त टोकांवर टेकतो. ते कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली मांडलं. हे दोघं लोकरीच्या कापडावर काम करणारे होते, त्यामुळे इचलकरंजीच्या मंडळींनाही हा विषय परका वाटायला नको.

आकडे घालून बघा. सपाटावर १०५ अंश देणारं रसायन धरू. थेंब तळाच्या फक्त २० टक्के भागावर टेकला आणि बाकी हवा राहिली, तर कोन सुमारे १४८ येतो. आता हवा नाहीच, पाणी सगळ्या खळग्यांत शिरलंय, पण खडबडीतपणामुळे खरं क्षेत्रफळ ३.३ पट झालंय असं धरा. तरीही कोन सुमारे १४८च येतो! कोन तोच, पण पहिला थेंब फुंकरीनं पळतो आणि दुसरा उलटं केलं तरी सुटत नाही. तुमचे तुकडे या पाणी आत शिरलेल्या प्रकारचे झालेत. ॲसिड वाढवलं तर जादा स्टिअरिक मेणासारखं खळग्यांत बसेल आणि जी थोडी हवा राहिली असेल तीही जाईल.

आता तुमच्या हातून काय राहिलं ते बघू. माझ्या समजुतीनं तीन गोष्टी आहेत.

या मिश्रधातूत वजनानं १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं. कास्टिक ॲल्युमिनियम खातं, सिलिकॉन मागे राहतं. एच झाल्यावर तुकडा काळा पडला असेल आणि बोटाला काजळी लागली असेल, तो स्मट. स्टिअरिक ॲसिड ॲल्युमिनियमच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडला पकडतं, सिलिकॉनच्या कणांवर त्याची पकड कच्ची असते. म्हणजे पाण्याला नको म्हणणाऱ्या रानात पाण्याला बोलावणारी बेटं राहिली. थेंब त्या बेटांना धरून बसतो. दुसरं म्हणजे कास्टिकनं पडणारे खळगे उथळ आणि गोलसर असतात, वाटीसारखे. मॅट फिनिशसाठी ते छान, हवा अडकवायला मात्र कुचकामी. आणि तिसरं, ज्यावर तुमचं लक्ष गेलं नसेल: कास्टिक नीट धुतलं गेलं नाही आणि तुकडा तसाच स्टिअरिक ॲसिडमध्ये गेला, तर तिथे सोडियम स्टिअरेट तयार होतं. म्हणजे साबण! कास्टिंगच्या बारीक छिद्रांत राहिलेलं कास्टिक पुढचे कित्येक दिवस बाहेर झिरपतं आणि हा साबण बनत राहतो. पंधरा दिवसांत परिणाम जाण्याचं हे मोठं कारण असू शकतं.

आता मी एलएम६वर कसं करतो ते सांगतो. वेळा आणि प्रमाणं तुमच्या कास्टिंगवर अवलंबून राहतील. ग्रॅव्हिटी डाय (धातूच्या साच्यातलं) की सँड (वाळूच्या साच्यातलं), कास्टिंगची मूळ कातडी आहे की मशिन केलेला भाग, शॉट ब्लास्टिंग झालंय का, यांवर सगळं बदलतं. एकाच कव्हरच्या दोन बाजू मी वेगळ्या वागताना बघितल्यात.

आधी डीग्रीसिंग, म्हणजे तेल-ग्रीस काढणं. इथे घाई करू नका. कूलंटचा अंश राहिला तर पुढचं सगळं ठिपक्याठिपक्यांनी बसतं. तपासायची रीत जुनीच आहे: तुकडा पाण्यातून काढून उभा धरा, पाण्याची पापडी अर्धा मिनिट न फाटता सगळीकडे राहिली पाहिजे. पाणी झटकणारा पृष्ठभाग करायचा तर आधी तो पूर्ण भिजणारा असावा लागतो, हे नवीन माणसाला पटवायला वेळ लागतो.

मग एचिंग, पण कास्टिकनं नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड धातूच्या स्फटिकांतल्या दोषांवरून आत शिरतं, त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचे, धारदार कडांचे खळगे पडतात. बाजारातलं ३०-३३ टक्क्यांचं ॲसिड एक भाग आणि पाणी दोन भाग. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं काहीच होत नाही, कारण वरचा ऑक्साइड वाट अडवतो. माणूस म्हणतो ॲसिड कमजोर आहे. मग एकदम उसळी येते, बाथ तापतो आणि तापला की आणखी जोरात खातो. म्हणून टाकी मोठी आणि तुकडे थोडे ठेवा, बाहेरून गार पाणी फिरवा. मी ५ मिनिटांपासून सुरू करून दर मिनिटाला एक तुकडा बाहेर काढतो आणि त्यातून वेळ ठरवतो. हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको, वेल्डिंग नको. वाफ ओढणारा पंखा हवाच. चष्मा आणि हातमोज्यांविना कुणाला टाकीजवळ उभं करू नका.

एचिंगनंतर सैल सिलिकॉन काढायचं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी नायट्रिकमध्ये हायड्रोफ्लुओरिक किंवा बायफ्लुओराइड घालतात, कारण नुसतं नायट्रिक सिलिकॉनला हात लावत नाही. छोट्या शॉपमध्ये हे आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हायड्रोफ्लुओरिक कातडीवर पडलं तर लगेच दुखेलच असं नाही, आणि तोवर ते आत पोचलेलं असतं. मी अल्ट्रासोनिक टाकीत साध्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवतो. सैल कण निघून जातात. मुळाशी घट्ट असलेलं सिलिकॉन राहतं आणि ते राहिलेलं चालतं, कारण तीच टोकं पुढे थेंबाला उचलून धरतात.

यानंतर एक पायरी आहे, ती तुमच्या व्हिडिओत नसावी: उकळतं पाणी. ९५ अंशांच्या वर, २० ते ३० मिनिटं. ॲल्युमिनियमवर बोहमाइटची (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडची) नॅनोमीटरच्या मापाची पात्यांसारखी वाढ होते, खळग्यांच्या भिंतींवर जणू गवत उगवतं. हे पाणी डीएमच (क्षार काढलेलं) हवं. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, त्यात सिलिकेट असतं. सिलिकेट आणि फॉस्फेट ही वाढ रोखून धरतात. ॲनोडायझिंगचं सीलिंग करणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा आहे. बोअरच्याच पाण्यानं शेवटचं धुणं केलं तर त्यातलं कॅल्शियम स्टिअरिकला धरून चिकट साय बनवतं, बादलीला साबणाची बसते तशी. बोहमाइट नीट उगवलं की नाही ते लगेच कळतं: तुकड्यावर थेंब टाकला की तो क्षणात पसरून नाहीसा होतो.

ही बारीक पाती का लागतात, तेही सांगतो, कारण पावसात सगळं याच्यावरच ठरतं. ३ मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगानं पडतो. त्याचा दाब येतो सुमारे ३२ किलोपास्कल. १० मायक्रॉन रुंद खळगा आपली हवा साडेसात किलोपास्कलपर्यंतच सांभाळतो. त्यावर दाब गेला की पाणी आत. खळगा १ मायक्रॉनचा असेल तर तोच आकडा ७५वर जातो. नुसत्या मोठ्या खळग्यांचा तुकडा सिरिंजनं अलगद सोडलेल्या थेंबाच्या परीक्षेत पास होतो आणि पहिल्या वळवात नापास. अळूच्या पानावर निसर्गानं मोठे उंचवटे आणि त्यांवर मेणाची सूक्ष्म नक्षी अशी दुहेरी रचना केलीय, कमळाच्या पानावरही तशीच. कमळाचं हे काम बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली जगापुढे आणलं.

मग रसायन. तुकडा १००-१२० अंशांना अर्धा तास वाळवा. स्टिअरिकच वापरायचं तर लिटरला दीड ग्रॅम पुरे. स्पिरिटच्या परवान्याची कटकट नको असेल तर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. ५० अंशांवर तासभर ठेवा, पण गरम पाण्याच्या टबात ठेवून. शेगडी किंवा हीटर थेट नको, आयपीए पेट घेतं. बाहेर काढल्यावर स्वच्छ आयपीएमध्ये नीट धुवा, म्हणजे न चिकटलेलं स्टिअरिक निघून जाईल. हे धुणं बहुतेक जण टाळतात आणि मग तुकडा मेणचट होतो.

एलएम६साठी मात्र माझी पसंती सिलेनला आहे, म्हणजे एका टोकानं ऑक्साइडला धरणाऱ्या सिलिकॉनच्या संयुगाला. सिलेन ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडलाही धरतं आणि सिलिकॉनवरच्या ऑक्साइडलाही, त्यामुळे ती बेटं उरत नाहीत. लांब शेपटीचं सिलेन, म्हणजे हेक्झाडेसिलवालं, १ ते २ टक्के. ९५ भाग आयपीए, ५ भाग डीएम पाणी. ॲसिटिक ॲसिडनं पीएच ४.५ ते ५. तासभर ढवळत ठेवायचं, मग तुकडे बुडवायचे आणि ११०-१२० अंशांवर तासभर भाजायचं. फ्लोरिनवालं सिलेन कोन आणखी वाढवतं, पण माल युरोपात जाणार असेल तर त्या वाटेला जाऊ नका. या कुटुंबातली काही रसायनं निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आलेली आहेत, ग्राहक लेखी हमी मागतात आणि ती देणं अवघड होतं. शिवाय असलं काही पंचगंगेत सोडायची माझी तयारी नाही. सिलेनमधलं काम आपल्याकडे नवीनही नाही. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटानं सिलिका एअरोजेल आणि पाणी झटकणारे थर यांवर अनेक वर्षं काम केलं. तांब्यावर सोल-जेल पद्धतीनं (द्रावणातून जेल बनवून) असा थर बसवल्याचा त्यांचा शोधनिबंध २०११चा आहे.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. औषधाच्या दुकानातून एका युनिटला एक रेघ असलेली यू-१०० इन्सुलिन सिरिंज आणा. तिची एक रेघ म्हणजे १० मायक्रोलिटर. तुकडा काचेवर ठेवा, एक रेघ पाणी सोडा आणि काचेचं एक टोक सावकाश उचला. काच १५० मिलिमीटर लांब असेल तर टोकाखाली २६ मिलिमीटर आले की १० अंश झाले. त्याच्या आत थेंब पळाला पाहिजे, तोही दहा जागांपैकी दहाही जागी. चांगल्या तुकड्यावर अर्ध्या रेघेचा थेंब तर उतरतच नाही. सुईनं दाबला तरी सुईलाच लटकून परत येतो.

माझी सर्वांत आवडती परीक्षा याहून साधी आहे. लहानपणी अळूचं पान हौदात बुडवून बघितलं असेल, पाण्याखाली ते चांदीसारखं चमकतं. ती चमक अडकलेल्या हवेची. तुकडा काचेच्या भांड्यात बुडवा आणि बाजूनं तिरकं बघा. जिथे चांदी दिसते तिथे काम झालंय, जिथे मूळ राखाडी रंग दिसतो तिथे पाणी आत शिरलंय. कडा, अक्षरं, रायझर कापलेली जागा, सगळ्याचा नकाशा एका नजरेत मिळतो.

आणि फ्रिजची परीक्षा विसरू नका. ही मी नुकसान सोसून शिकलो. एका ग्राहकासाठी उघड्यावर बसवायच्या उपकरणांची ॲल्युमिनियमची घरं केली होती. मार्च महिन्यात भर दुपारी शॉपमध्ये थेंब पाऱ्यासारखे पळत होते. माल गगनबावड्याच्या बाजूला बसला आणि जून संपायच्या आत ग्राहकाचा फोन आला की पाणी चिकटतंय. जाऊन बघितलं, तर पाऊस थांबला होता आणि सगळीकडे धुकं भरलं होतं. पावसाचा थेंब वरून येतो, त्याला हवेची उशी अडवते. धुकं आणि दव मात्र वाफेच्या रूपानं थेट खळग्यात जातात आणि आतच पाणी होतात. उशीच्या जागी पाणी बसतं. तो माल मी परत आणला. तेव्हापासून प्रत्येक नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, बाहेर काढून दव धरू देतो आणि तशाच ओल्या तुकड्यावर उताराची परीक्षा घेतो. बारीक पात्यांची वाढ दाट असेल तर बरेच तुकडे यातही तरतात, पण सगळे नाहीत.

बाकी मर्यादा थोडक्यात. तेल, कूलंट, साबणाचं पाणी यांचा पृष्ठताण कमी असतो, ते या पृष्ठभागात सरळ मुरतात. हाताच्या घामानंही डाग पडतो. खरखरीत फडकं चार वेळा फिरवलं की टोकं मोडतात. स्टिअरिकचा थर कास्टिक किंवा तीव्र डिटर्जंटमध्ये टिकत नाही. सिलेन त्याहून बरा, पण अमर नाही.

आता तुमच्या कव्हरांकडे येतो. खरं सांगायचं तर त्यांना ही प्रक्रिया करू नका. ॲसिड कित्येक मायक्रॉन धातू खातं. ओ-रिंगची खाच, बेअरिंगचा बोअर, सील बसायचा फेस, सगळ्यांची मापं जातील आणि पंप गळेल. मास्किंग करता येतं, पण तेवढ्या खर्चात तुमचा नफा संपेल. शिवाय पांढरे डाग बहुधा पावसाचे नाहीतच. तुमच्या वर्णनात कव्हरं एकावर एक रचून पॉलिथिनमध्ये जातात. ट्रक दिवसा तापतो, रात्री घाटात गार होतो, पिशवीतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि दोन कव्हरांच्या मधल्या फटीत पातळ थरानं अडकून बसतं. तिथे पांढरं हायड्रॉक्साइड तयार होतं. डाग दोन फेस टेकतात तिथेच आहेत का, ते आधी बघा. तिथेच असतील तर माझा अंदाज बरोबर.

तसं असेल तर मशिनिंगनंतर कूलंट पूर्ण धुवा, शेवटचं धुणं डीएम पाण्यात करा, ९० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवून छिद्रांतलं पाणी घालवा आणि कव्हरं हाताला कोमट लागत असतानाच, हातमोजे घालून, सिलिका जेलसह पॅक करा. मध्ये गत्ता घालू नका, पावसाळ्यात तो ओल धरतो. फोमचा कोरडा तुकडा चालेल. एवढ्यानं भागलं नाही तर ट्रायव्हॅलंट क्रोमचं कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे रसायनानं धातूवरच बनवलेला पातळ संरक्षक थर, करून घ्या. ते मायक्रॉनहून पातळ बसतं, मापं हलत नाहीत. किंवा वर दिलेलं सिलेन एचिंग न करता नुसतं लावा. थेंब पळणार नाही, कोन शंभराच्या आसपासच राहील, पण पृष्ठभागावर ओल पसरून बसायची सवय मोडते. डागांसाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पाणी झटकणारा पृष्ठभाग शिकायची हौस मात्र सोडू नका. भंगारातल्या कव्हरचे तीन तुकडे कापा. एकावर एचिंग आणि सिलेन, दुसऱ्यावर एचिंग, उकळतं पाणी आणि सिलेन, तिसऱ्यावर सगळं तेच पण सिलेनऐवजी स्टिअरिक. तिघांची फ्रिजची परीक्षा घ्या. आणि इथे फोटो टाकाल तेव्हा गोल थेंबाचा नको, पाण्यात बुडवलेल्या तुकड्याचा बाजूनं काढलेला टाका. चांदी कुठे तुटलीय ते बघून पुढचं सांगता येईल.